वजन जास्त असलेल्या पेशंटला जनरल भूल : डॉक्टर घाबरवतायत की काळजी घेतायत?

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री 9.40)

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या भावाच्या पित्ताशयात खडे आहेत. मध्यंतरी दुखण्याचा मोठा झटका येऊन गेला. सर्जन म्हणाले, पुढचा झटका यायच्या आत दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकू. दादाचं वय 47, उंची 168 सेंमी, वजन 132 किलो. बीपीची गोळी चालू आहे. घोरणं असं की पाहुणे मुक्कामाला आले की वहिनी आधीच त्यांची माफी मागून ठेवते.

कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ मॅडमनी तपासलं. तोंड उघडायला लावलं, मान मागे करायला लावली, टेपने गळ्याचा घेर मोजला (44 सेंमी), वहिनीला झोपेबद्दल खोदून खोदून विचारलं. मग म्हणाल्या, "ऑपरेशन होईल, पण घाईने नको. झोपेची तपासणी करून घ्या. ऑपरेशननंतरची रात्र आयसीयूत काढावी लागेल. घशातून नळी घालताना अडचण येऊ शकते, तेही समजून घेऊन सही करा."

दादा तेव्हापासून गप्प गप्प आहे. दुसऱ्या एका ठिकाणी विचारलं तर, "त्यात काय, रोज करतो. उद्या उपाशीपोटी या," असं उत्तर मिळालं. घरात दोन तट पडलेत. आईला दुसरे डॉक्टर धीराचे वाटतात. मला पहिल्या मॅडम बऱ्या वाटतात, पण का ते घरच्यांना पटवून देता येत नाही. पोटाच्या ऑपरेशनसाठी गळा कशाला मोजतात? इथे कुणी जाणकार असेल तर सांगा.

रंकाळा

पहिल्या मॅडमना सोडू नका. इतकंच सांगतो.

निवांत_पुणे

मी थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. आमच्या ओळखीत एकांना हर्नियासाठी नेलं होतं, वजन शंभराच्या आतच. आधी इको, मग झोपेची तपासणी, मग छातीच्या डॉक्टरांचं मत, मग आयसीयू. मूळ ऑपरेशनपेक्षा आजूबाजूचा खर्च जास्त झाला. "रिस्क आहे" म्हटलं की माणूस कशालाही हो म्हणतो. प्रत्येक तपासणी कशासाठी, तिच्यामुळे उपचारात काय बदलणार आहे, हे विचारून मगच पुढे जा. हा तुमचा हक्क आहे.

भूलवाली

मी भूलतज्ज्ञ आहे, नागपुरात काम करते. निवांत, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारायलाच हवा. कृष्णाकाठ, आधी गळ्याचं सांगते.

जनरल भूल दिली की आम्ही पेशंटचा श्वास काही वेळ थांबवतो. झोपेचं औषध जातं, स्नायू सैल करणारं औषध जातं, आणि तिथून श्वासनलिकेत नळी बसून यंत्राला जोडेपर्यंत पेशंट स्वतः श्वास घेत नसतो. त्या वेळात शरीर फुप्फुसात आधी भरून ठेवलेल्या ऑक्सिजनवर चालतं. म्हणून भूल देण्याआधी तोंडावर मास्क धरून तीन-चार मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. आम्ही फुप्फुसातली बाकीची हवा काढून तिथे ऑक्सिजन भरतो. बाहेर येणाऱ्या श्वासात तो 90 टक्क्यांच्या आसपास दिसला की साठा भरला असं समजायचं.

साधारण वजनाच्या निरोगी माणसाला हा साठा सहा ते आठ मिनिटं पुरतो. 130 किलोच्या माणसाला अडीच-तीन मिनिटं, कधी त्याहूनही कमी. पोटावरची चरबी झोपल्यावर छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला वर ढकलते, फुप्फुसाचा तळ दबतो, भूल दिल्यावर आणखी दबतो. म्हणजे घरावरची टाकी लहान, आणि शरीर मोठं असल्यामुळे घरात पाणी वापरणारी माणसं जास्त. सगळं इथून सुरू होतं. लोकांना वाटतं, जाड माणसाला नळी घालणं अवघड. पुष्कळदा नळी सहज जाते. पण ती पहिल्या प्रयत्नात गेली नाही तर दुसऱ्या प्रयत्नाला हातात वेळ उरत नाही. अवघड आहे तो वेळ.

आता गळा. नुसत्या वजनापेक्षा गळ्याचा घेर आम्हाला जास्त सांगतो. 2002 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात अतिस्थूल पेशंटमध्ये गळा 40 सेंमी असेल तर नळी घालताना अडचण येण्याची शक्यता 5 टक्के दिसली, 60 सेंमी असेल तर 35 टक्के. तुमच्या दादाचे 44 म्हणजे घाबरून जाण्यासारखं नाही, पण टेप खिशात ठेवून विसरण्यासारखंही नाही. जाड गळा आणि मोठं घोरणं एकत्र आलं की मास्कने श्वास देणंही जड जातं. ते जमलं तर नळीला उशीर झाला तरी चालतो. दोन्ही अडलं तर मोठा प्रसंग.

त्या मॅडमनी विचारलं ते बहुतेक "स्टॉप-बँग" असणार. आठ प्रश्न असतात : घोरणं, दिवसा पेंग येणं, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहणं, बीपी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 35 च्या वर, वय 50 च्या वर, गळा 40 सेंमीच्या वर, पुरुष असणं. टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये ही पद्धत मांडली. पाच किंवा जास्त "हो" आले तर झोपेत श्वास अडण्याचा आजार असण्याची शक्यता बरीच मोठी. दादाचे किती होतात?

कृष्णाकाठ

डॉक्टर, आताच वहिनीला फोन केला. श्वास थांबतो का विचारल्यावर ती म्हणाली, "थांबतो ना, मग मी कोपराने ढोसते की सुरू होतो." आम्हाला हे कधी बोललीच नव्हती! दुपारी जेवल्यावर गाडी चालवताना डुलकी लागते म्हणून हल्ली पुतण्या गाडी चालवतो. वय सोडलं तर सगळे "हो". म्हणजे 7.

वऱ्हाडी_माणूस

वहिनीच्या कोपराला दंडवत! ती माउली रोज रात्री ड्युटीवर हाय म्हनायची.

भूलवाली

अगदी. आणि हे वहिनींनीच सांगायला हवं, कारण झोपलेल्या माणसाला स्वतःचं घोरणं ठाऊक नसतं. तपासणीला येताना शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर आणा, असं मी नेहमी सांगते. मोबाइलवर रात्रीचं घोरणं रेकॉर्ड करून आणलं तर फारच उत्तम.

अनुप्रिया_के

मी पेशंटच्या बाजूने लिहिते. माझं वजन 118 होतं तेव्हा गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. भूलतज्ज्ञांनी सगळं समजावलं, मला स्वतःहून टेबलावर चढू दिलं, पाठीखाली आणि डोक्याखाली घड्या घालून घालून असा उतार केला की मी जवळपास बसलेलीच होते. "असं झोपल्यावर श्वास मोकळा वाटतो ना?" असं तीनदा विचारलं. भूल उतरल्यावर पहिला आवाज त्यांचाच ऐकला.

याच्या आधी दुसऱ्या एका गावात एका छोट्या ऑपरेशनच्या वेळी मात्र मी टेबलावर पडलेली असताना, शुद्धीत असताना, "हिला उचलायला क्रेन आणा" असं कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले. पुढे कित्येक महिने मी दवाखान्याची पायरी चढले नाही. तपासण्याही टाळल्या. त्या एका वाक्याने माझं जे नुकसान झालं ते कुठल्या रिपोर्टात दिसणार नाही. कृष्णाकाठ, दादा गप्प का झालाय ते विचारा. कदाचित त्याला नळीची भीती नसेल, लाज वाटत असेल.

कृष्णाकाठ

अनुप्रियाताई, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आज रात्री बोलतो त्याच्याशी.

सह्याद्री_ओटी

मीही भूलतज्ज्ञ, चिपळूणच्या बाजूला. भूलवाली मॅडमच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, पण एका बाबतीत वेगळं मत आहे. झोपेची तपासणी झाल्याशिवाय ऑपरेशन अडवून ठेवायचं नाही. इथल्या पेशंटला त्यासाठी कोल्हापूर किंवा पुणे गाठावं लागतं, तारीख मिळायला वेळ लागतो, तोवर पित्ताशय पिकतं आणि मग तेच ऑपरेशन तातडीचं होतं, सुजेत होतं. ते जास्त धोक्याचं. 2016 साली झोप आणि भूल यांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांतही हेच आहे : नुसत्या संशयावरून, बाकी प्रकृती आटोक्यात असताना, तपासणीसाठी ऑपरेशन पुढे ढकलावं असा पुरावा नाही. आजार आहे असंच धरून चालायचं आणि तशी काळजी घ्यायची.

भूलवाली

सह्याद्री, मुद्दा मान्य, पण त्यातलं "बाकी प्रकृती आटोक्यात असताना" हे महत्त्वाचं. ज्याचा ऑक्सिजन जागेपणी बसल्या जागी 94 च्या खाली आहे, रक्तातला बायकार्बोनेट 27 च्या वर आहे, त्याच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत असण्याची शंका घ्यायची. असा पेशंट मी थांबवते. काही आठवडे रात्री सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र) लावून आणते. दादाचे हे दोन आकडे काय आहेत, त्यावर बरंच ठरेल. पहिल्या मॅडमनी ते पाहिलेच असणार.

सह्याद्री_ओटी

हो, त्या पेशंटला मीही थांबवीन. बोटाला लावायचं मशीन प्रत्येक दवाखान्यात आहे आणि बायकार्बोनेट साध्या रक्ततपासणीत कळतं. निवांत यांचं शंकानिरसनही यातच आहे : स्वस्तातल्या दोन गोष्टी आधी, महागातली त्यानंतर आणि गरज असेल तरच.

निवांत_पुणे

हे पटलं. "कशासाठी" याचं असं उत्तर आम्हाला कुणी दिलंच नव्हतं.

दंतवैद्य_नाशिक

थोडं माझ्या खात्यातलं. हलणारा दात, कॅप, ब्रिज, कवळी, सगळं आधीच सांगा. कवळी ऑपरेशनच्या सकाळी काढून घरच्यांकडे द्या, नावाची डबी सोबत ठेवा. पुढचे दात हलत असतील तर आधी मला किंवा माझ्यासारख्या कुणाला तरी दाखवा. घाईत नळी घालताना पडलेला दात श्वासनलिकेत गेला तर ते फार मोठं प्रकरण होतं.

रंकाळा

दाढीचं काय? आमच्या मामांना सांगितलं होतं दाढी काढून या. मामा नवसाची दाढी ठेवून होते. केवढा गोंधळ झाला घरात.

भूलवाली

दाढीमुळे मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत नाही, कडेने हवा निसटते. मास्कने श्वास देणं कुणाला जड जाईल याचे जे ठोकताळे आहेत त्यांत दाढी आहेच. बाकीचे म्हणजे जाडी, घोरणं, दात नसणं आणि वय 55 च्या वर. दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की आम्ही दाढीबद्दल बोलतो. पण नवस असेल, धर्माचा भाग असेल तर जबरदस्ती करायची नाही. दाढीवर पारदर्शक चिकटपट्टी लावून तोंडापुरतं भोक पाडता येतं, जेल लावता येतं, दोघांनी मिळून मास्क धरता येतो. मामांना हे पर्याय कुणी सांगितले असते तर घरातला गोंधळ टळला असता.

वऱ्हाडी_माणूस

आमच्या काकानं तपासणीला जायच्या आधी सोताच दाढी केली अन् वर इचारलं, "मिशीला हात लावला तर ऑपरेशनच नाही." डॉक्टर म्हने मिशीला काई नाई लागत. काका खुश.

सुमन_फोंडा

स्पायनल का देत नाहीत मग? माझ्या दोन्ही सिझेरियनला कमरेतूनच दिली. मी शुद्धीत होते, बाळ रडलेलं ऐकलं. नळीचा प्रश्नच नाही.

सह्याद्री_ओटी

सुमनताई, चांगला प्रश्न. जिथे शक्य आहे तिथे आम्ही आधी स्पायनलचाच विचार करतो. पाय, गुडघा, खालच्या पोटाचं ऑपरेशन, सिझेरियन. पण दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पोटात गॅस भरतात, पोट फुगतं, पडदा आणखी वर जातो, खांद्यात दुखतं. जागा असलेल्या 132 किलोच्या माणसाला तसं पडून राहणं म्हणजे शिक्षाच, आणि श्वासाला जागाही पुरत नाही. शिवाय स्पायनल अपुरी पडली किंवा जास्त वर चढली तर अर्ध्या ऑपरेशनमध्ये, घाईत, नळी घालायची वेळ येते. ठरवून, तयारीने घातलेली नळी त्याहून कितीतरी सुरक्षित. आणि स्थूल पाठीत मणक्यांमधली जागा हाताला लागणं हेही सोपं नसतं.

निवांत_पुणे

मग सरळ वजनच आधी कमी करून का आणत नाहीत?

अनुप्रिया_के

कारण ते "सरळ" नसतं, निवांत. मी त्यातून गेले आहे.

भूलवाली

आणि यात एक वैद्यकीय अडचण आहे. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचं प्रमाण वाढतं. झटका येऊन गेलेल्या पेशंटला "आधी तीस किलो उतरवून या" सांगणं म्हणजे पुढच्या झटक्याची वाट पाहणं. सर्जन कधी कधी ऑपरेशनआधी दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात, त्याने यकृत थोडं लहान होतं आणि दुर्बिणीला जागा मिळते. तेवढं ठीक.

वजनावरून आठवलं. हल्ली वजन कमी करायची आठवड्याची इंजेक्शनं बरेच जण घेतात. आपल्याकडे 2025 मध्ये ती बाजारात आल्यापासून तर खूपच. बरेच जण भूलतज्ज्ञाला सांगत नाहीत, कारण त्यांना ते औषध वाटत नाही. या इंजेक्शनने जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. आठ तास उपाशी असलेल्या पेशंटच्या पोटातही अन्न सापडू शकतं, आणि भूल देताना ते उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. 2023 मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने ते आठवडाभर आधी बंद ठेवायला सांगितलं होतं. 2024 मध्ये अनेक संघटनांनी मिळून सुधारित सल्ला दिला : बहुतेकांनी चालू ठेवलं तरी चालेल, पण मळमळ-उलटी होत असेल, डोस नुकताच वाढवला असेल तर जास्त जपायचं, गरजेप्रमाणे आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ. आम्ही शंका असेल तिथे पोटाची सोनोग्राफी करून बघतो. दादा घेत असेल तर नक्की सांगा.

कृष्णाकाठ

नाही घेत. पण माझी चुलतबहीण घेते, तिला हा धागा पाठवतो.

लीड्सकर

मूळचा साताऱ्याचा, आता इंग्लंडमध्ये ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांचा सहायक म्हणून काम करतो. इथे आम्ही प्रत्येक प्रशिक्षणात ज्याचा दाखला देतो ती म्हणजे 2011 साली प्रसिद्ध झालेली राष्ट्रीय पाहणी. ब्रिटनमधल्या सगळ्या सरकारी हॉस्पिटलांतून वर्षभरातल्या श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटना गोळा केल्या. वर्षाला सुमारे 29 लाख जनरल भुली, आणि अभ्यासात घेतलेल्या घटना 184. त्यांतले 77 पेशंट स्थूल होते. म्हणजे धोका एकूण फार कमी, पण जो आहे तो या लोकांच्या वाट्याला जास्त : स्थूल पेशंटमध्ये दुप्पट, अतिस्थूलमध्ये चौपट.

मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पुष्कळ ठिकाणी अडचण येणार हे आधी दिसत होतं. पण "पहिला उपाय फसला तर दुसरा काय" हे कुणी ठरवलेलं नव्हतं. म्हणून आम्ही आता भूल देण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्याने बोलतो. पहिला उपाय, दुसरा, तिसरा, आणि शेवटचा म्हणजे गळ्यातून पुढून छेद देऊन नळी. प्रत्येकाचं सामान उघडून ट्रेवर. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेची 2016 ची मार्गदर्शक तत्त्वंही याच धर्तीची आहेत.

रंकाळा

गळ्याला छेद वाचून अंगावर काटा आला.

लीड्सकर

तो जवळजवळ कधीच लागत नाही. पण ज्याची तयारी असते तिथेच तो वेळेवर होतो. 2005 मध्ये इथे एलेन ब्रॉमिली नावाच्या बाई सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या. स्थूल वगैरे काही नव्हत्या. नळी जाईना, मास्कनेही श्वास मिळेना. अनुभवी डॉक्टर होते, नर्सने गळ्यातून छेद द्यायचा संच आणून ठेवलाही होता, पण सगळे नळीच्याच प्रयत्नात गुंतून राहिले. त्या वाचल्या नाहीत. त्यांचे पती मार्टिन ब्रॉमिली हे वैमानिक. त्यांनी कुणाला शिक्षा व्हावी म्हणून हट्ट धरला नाही. विमानाच्या कॉकपिटमध्ये जसं कनिष्ठ माणूसही थांबवू शकतो तसं थिएटरमध्ये व्हावं यासाठी 2007 मध्ये संस्था उभी केली. मी आज भूलतज्ज्ञाला "तीन प्रयत्न झाले, आता थांबू" असं म्हणू शकतो, ते या माणसामुळे. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

सह्याद्री_ओटी

लीड्सकर, हे लिहिल्याबद्दल आभार. आमच्याकडे असा तयार सहायक फार थोड्या ठिकाणी असतो. तालुक्याच्या गावी पुष्कळदा भूलतज्ज्ञ एकटा, मदतीला एक सिस्टर. म्हणूनच मी 130 किलोचा पेशंट आला की आणखी एका भूलतज्ज्ञाला बोलावतो. पेशंटच्या बिलात दुसऱ्या डॉक्टरचे पैसे वाढतात, घरचे कुरकुरतात. मी त्यावर तडजोड करत नाही. आणि छेदाच्या बाबतीत : जाड गळ्यात ती जागा बोटाला लागत नाही. शंका असेल तर पेशंट जागा असतानाच सोनोग्राफीने शोधून पेनाने खूण करून ठेवायची.

आणखी एक, टेबल. थिएटरच्या टेबलाला वजनाची मर्यादा असते, ती त्यावर लिहिलेली असते. ती वाचा. आणि उताराची खास उशी नसेल तर चादरी आणि ब्लँकेटं चालतात. बाजूने बघायचं, कानाचं भोक आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका पातळीत आली पाहिजे. अनुप्रियाताईंना जे केलं ते हेच. 2005 सालच्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात अतिस्थूल पेशंटचं डोकं 25 अंश वर ठेवून ऑक्सिजन दिला तर साठा सुमारे पाऊण मिनिट जास्त टिकला. तीन मिनिटांत पाऊण मिनिट म्हणजे किती हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. खर्च शून्य.

निवांत_पुणे

कॅमेऱ्याचं ते नवं यंत्र असतं ना, पडद्यावर घसा दिसतो. ते असलं की प्रश्न मिटला?

भूलवाली

व्हिडिओ लॅरिंगोस्कोप. माझ्या मते अशा पेशंटला पहिल्याच प्रयत्नाला तोच घ्यावा, साध्याने फसल्यावर नव्हे. स्वरयंत्र चांगलं दिसतं, पहिला प्रयत्न यशस्वी व्हायची शक्यता वाढते. पण प्रश्न मिटत नाही. दिसलं तरी नळी वळत नाही असं होतं, त्यासाठी आत वाकवलेली तार किंवा बूजी (नळीला वाट दाखवणारी बारीक लवचीक काडी) लागते. आणि दिसेपर्यंतचा वेळ मोजला जातोच. नाकातून भरपूर वेगाने ऑक्सिजन चालू ठेवला तर हातातला वेळ थोडा वाढतो.

सह्याद्री_ओटी

साध्या लॅरिंगोस्कोपनेही उत्तम काम करणारे हात आहेत, मॅडम. सगळीकडे ते यंत्र नाही.

भूलवाली

हातांबद्दल शंकाच नाही. पण जिथे नाही तिथे ते यावं यासाठी आपणच भांडलं पाहिजे. नळी जागेवर आहे का हे सांगणारं, बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं मशीनही तसंच. पडद्यावर लाट आली नाही तर नळी चुकीच्या जागी आहे असंच मानायचं, छातीला आला-गेला आवाज कितीही बरा वाटो. जाड छातीवर ऐकून कळत नाही.

सह्याद्री_ओटी

याला मात्र हजारदा हो. लाटेशिवाय मी कामच सुरू करत नाही.

सुमन_फोंडा

आणि आयसीयू? ऑपरेशन झालं, नळी काढली, मग रात्रभर कशाला?

भूलवाली

सुमनताई, नळी काढणं हे घालण्याइतकंच जोखमीचं. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर पूर्ण गेला आहे हे नर्व्ह मॉनिटरवर (नसेला हलका झटका देऊन स्नायूची ताकद मोजणारं यंत्र) बघून, आकडा 0.9 किंवा जास्त, पेशंट पूर्ण जागा, डोकं वर, सांगितलेलं ऐकतोय, मगच नळी काढायची. त्यानंतर खोलीत गेल्यावर दुखतंय म्हणून कुणी मॉर्फिनच्या जातीचं इंजेक्शन दिलं, पेशंट पाठीवर सपाट झोपला आणि तिथे वहिनींचं कोपर नसलं, तर श्वास अडतो आणि कुणाला कळतही नाही. म्हणून मॉनिटर, अंथरुणाचं डोकं वर, सीपॅप. वेदनेसाठी पॅरासिटामॉल, जखमेच्या कडेला सर्जननी दिलेलं बधिरतेचं इंजेक्शन, पोटाच्या भिंतीतला ब्लॉक (तिथल्या नसा बधिर करणारं इंजेक्शन). आयसीयूच हवी असं नाही, रात्रभर लक्ष देणारं माणूस आणि वाजणारा मॉनिटर हवा. कृष्णाकाठ, हे दोन्ही दुसऱ्या कुठल्या वॉर्डात मिळत असेल तर मॅडमना विचारा, खर्च कमी होईल.

कृष्णाकाठ (बुधवार, रात्री 11.05)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दादाशी बोललो. अनुप्रियाताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. तपासणीच्या वेळी सहीचा कागद बघून त्याला वाटलं, आपल्या वजनामुळे सगळ्यांना त्रास होतोय, आपणच दोषी. मी त्याला हा धागा वाचून दाखवला. वहिनीने कोपराचा भाग दोनदा वाचायला लावला.

आज पुन्हा पहिल्या मॅडमकडे गेलो. ऑक्सिजन जागेपणी 96, बायकार्बोनेट 25. त्या म्हणाल्या, मग झोपेच्या तपासणीसाठी थांबायला नको, आजार आहे असं धरूनच करू. सीपॅप भाड्याने आणून आतापासून रोज रात्री लावायचं, सवय होईल, आणि तोच मास्क हॉस्पिटलात आणायचा. आयसीयूऐवजी मॉनिटर असलेली खोली चालेल म्हणाल्या. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आहे, दुसरे भूलतज्ज्ञ येणार आहेत. आईने स्वतः विचारलं, "पहिला उपाय नाही जमला तर?" मॅडमनी तिला खुर्ची देऊन सगळं सांगितलं. आई आता त्यांच्याच बाजूने आहे. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात.

रंकाळा

शाब्बास आईसाहेब!

सह्याद्री_ओटी

उत्तम. झाल्यावर एक काम विसरू नका. भूलतज्ज्ञांकडून लेखी मागून घ्या : मास्कने श्वास देणं सोपं होतं की अवघड, कुठल्या यंत्राने आणि कितव्या प्रयत्नात नळी गेली, स्वरयंत्र किती दिसलं, नळीचा नंबर काय. डिस्चार्ज कार्डावर हे बहुधा नसतं. त्या कागदाचा फोटो दादाच्या आणि वहिनीच्या मोबाइलमध्ये ठेवा. उद्या कुठे अपघात झाला, दुसऱ्या गावात तातडीने भूल द्यायची वेळ आली, तर समोरच्या अनोळखी भूलतज्ज्ञाला त्याहून मोलाचं काही मिळणार नाही.

अनुप्रिया_के

माझ्याकडे असा कागद नाही. उद्याच त्या हॉस्पिटलला फोन करून मागते.